कटकेहून आलेलं लेकरू

माउसीनं तिला माझ्या कडेवर दिलं तेव्हा ती रडली नाही. मान वळवून तिनं माउसीकडे पाहिलं, मग माझ्या कानातल्या कुड्यांकडे पाहिलं, आणि मग कुठेच पाहिलं नाही. कटकमधल्या त्या शिशुगृहाच्या ऑफिसात सहा-सात माणसं होती, सगळ्यांना हायसं वाटलं. "भल झिअ," माउसी म्हणाली. चांगली मुलगी. आणि पदरानं डोळे पुसत ती आत निघून गेली. जवळजवळ नऊ महिने तिनं हिला न्हाऊमाखू घातलं होतं. त्या खोलीत रडायला दोघींनाही कारण होतं, रडली ती एकटी माउसी.

मलाही तेव्हा बरंच वाटलं. शहाणं लेकरू मिळालं, असं मनात आलं. ते शहाणपण म्हणजे नेमकं काय होतं हे कळायला मला पुढचे अठरा दिवस लागले.

आम्ही परभणीचे. २०२० च्या जानेवारीत 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवलं. कागदपत्रं झाली, समाजसेविका घरी येऊन गेल्या, होम स्टडीचा अहवाल गेला आणि मग नुसती वाट पाहणं उरलं. मूल कुठल्याही राज्यातलं चालेल असं आम्ही भरलं होतं. १७ नोव्हेंबर २०२३ ला मी सातवीच्या वर्गावर असताना मेसेज आला. पोर्टलवर जाऊन बाळाचा फोटो आणि अहवाल पाहायचे आणि ४८ तासांत कळवायचं, एवढीच मुदत असते. जवळजवळ चार वर्षं थांबलेल्या माणसाला दोन दिवस! फोटोत साडेआठ महिन्यांची एक मुलगी होती, मोठ्या मापाच्या फ्रॉकमध्ये, मुठी आवळलेली. वजन ६ किलो ४०० ग्रॅम. आम्ही वैद्यकीय अहवालाची प्रत घेऊन आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे पळालो. त्यांनी चष्मा वर सरकवून सगळं वाचलं आणि म्हणाले, "या वयाला आठ किलोच्या आसपास हवं, पण ते भरून निघतंय. डोक्याचा घेर चांगलाय. आणा घरी."

तिच्या जन्माबद्दल त्या अहवालात जे होतं ते मी लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे. आधी तिला सांगायची, मग कुणाला सांगायची ते ती ठरवील.

कटक म्हटल्यावर सर्वांत जास्त हरखले ते सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. इतिहासाचे निवृत्त मास्तर. "अटक ते कटक म्हणतात ते उगं नाही," म्हणाले. "१७५१ पासून १८०३ पर्यंत कटक नागपूरकर भोसल्यांकडं होतं. तिथून महसूल यायचा. आता लेक यायलीय." आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मात्र या विषयावर दोन वर्षं तोंडातून शब्द काढत नव्हत्या. विरोध नव्हता, पण "ते संस्थेतलं लेकरू" एवढंच म्हणायच्या, आणि ते ऐकलं की माझ्या पोटात कुठंतरी टोचायचं. आम्ही निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला देवघरापाशी पाटावर बसवलं आणि खण, नारळ, गहू घालून माझी ओटी भरली. "तुला डोहाळे काही लागले नाहीत," म्हणाल्या, "पर रिकाम्या ओटीनं जाऊ नको." बाळासाठी जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवून ठेवली होती, ती त्यांनी स्वतः बॅगेत घातली. कधी शिवली ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

आंध्रच्या किनाऱ्यावर मिचौंग वादळ आल्यानं गाड्या विस्कटल्या आणि आमचं जाणं काही दिवस लांबलं. शेवटी ११ डिसेंबरला सकाळी सह्या झाल्या. दत्तकपूर्व संगोपनाच्या हमीपत्रावर ती आमच्या ताब्यात आली. दत्तकाचा आदेश नंतर येतो. १ सप्टेंबर २०२२ पासून तो कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि बाळ ताब्यात आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन बाळ कसं आहे ते पाहून जाते. हे सगळं नीट पार पडलं. कागदांचं आपण उगाच भय घेतो. मला खरं भय वाटलं ते गाडीत.

भुवनेश्वरहून कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसलो. डाव्या हाताला चिलिका सरोवर लागलं, ऊन कलतं झालं होतं, पाणी रुपेरी दिसत होतं. मी तिला खिडकीपाशी धरून दाखवत होते. ती पाण्याकडे पाहत होती की काचेकडे, कळत नव्हतं. दुधाची वेळ झाली. मांडीवर घेऊन पाजायला गेले तर कमानीसारखी मागं वाकली आणि तोंड फिरवलं. दोनदा, तीनदा. शेवटी बर्थवर निजवून बाटली दुमडलेल्या टॉवेलला टेकवली, तर एकटीच गटागटा प्यायली, छताकडे बघत. संस्थेत तिला तशीच सवय होती. एका पाळीला दोन बायका आणि चौदा लेकरं मी स्वतः पाहिली होती. त्या बायकांनी तरी किती जणांना मांडीवर घ्यायचं?

रात्री ती दोनदा जागी झाली. मला कळलं ते योगायोगानं, कारण आवाज काहीच नव्हता. निळ्या दिव्यात ती उघड्या डोळ्यांनी पडली होती आणि मान डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं हलवत होती. मी हात ठेवला तर थांबली, हात काढला की पुन्हा सुरू. तशीच हलवत हलवत झोपली. सकाळी समोरच्या बर्थवरच्या बाई म्हणाल्या की इतकं शांत मूल त्यांनी गाडीत कधी पाहिलं नाही. मी "हो" म्हणाले. ह्यांच्याकडे पाहिलं तर हेही रात्रभर जागेच होते.

सिकंदराबादला उतरून दुपारची देवगिरी धरली आणि रात्री परभणीला पोचलो. डिसेंबरात परभणीची थंडी काय असते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. समुद्राकाठच्या दमट हवेतून आलेलं लेकरू, आमच्या कोरड्या गारठ्यात तिचे गाल दोन दिवसांत उलले. आत्याबाईंनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि हात पुढे केले. ती त्यांच्याकडे गेली. शेजारच्या काकूंकडेही गेली. पाणी भरायला आलेल्या बाईकडेही गेली. "लई गुणी लेकरू, कुणाकडंबी जातंय," सगळ्या म्हणाल्या. माझ्याकडून जाताना जेवढी सहज गेली तेवढीच सहज परत आली. मी त्यांच्यापैकीच एक होते.

आम्ही तिच्यासाठी खोली तयार केली होती. पाळणा, मच्छरदाणी, भिंतीवर चिमण्या. तिथं ती झोपेना. रडत नव्हती, कुरकुरतही नव्हती, फक्त झोपत नव्हती. तिसऱ्या रात्री ह्यांच्या लक्षात आलं की तिला अंधार आणि शांतताच परकी आहे. ती चौदा लेकरांच्या खोलीत, दिवा चालू आणि पंखा घरघरत असताना झोपत आलेली. मग आम्ही पाळणा सोडला. बैठकीत गाद्या टाकल्या, ओसरीतला दिवा चालू ठेवला आणि सगळे एका ओळीत झोपायला लागलो. मामा, आत्याबाई, मध्ये ती, मग मी, मग हे. मामा घोरतात. त्या घोरण्यात ती पहिल्यांदा सलग चार तास झोपली.

या दिवसांत एक चूक घडली आणि ती अजून मला सलते. निघताना माउसीनं एक जुनं, विरलेलं पांघरूण दिलं होतं आणि खुणेनं सांगितलं होतं, धुऊ नका. तिच्या झोपेचा, तिथल्या तेलाचा, माउसीच्या हाताचा वास होता त्याला. ती ते तोंडाशी धरून झोपायची. मी आंघोळीला गेले तेवढ्यात आत्याबाईंनी ते गरम पाण्यात भिजवलं, खळखळून धुतलं आणि दोरीवर टाकलं. घाण वाटलं म्हणून, मायेनंच. त्या रात्री तिनं पांघरूण तोंडाशी नेलं, हुंगलं, बाजूला ठेवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा हुंगलं. पाच-सहा वेळा. मग कधीच घेतलं नाही. आत्याबाई शेजारी बसून पाहत होत्या. "तिला वास लागत होता व्हय?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझी रोजची नेसती साडी धुवायला टाकू दिली नाही. तिची घडी घालून त्या बाळाखाली अंथरायच्या.

चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. नऊ महिने पूर्ण झाले होते, गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. सुई टोचली. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला आणि लगेच थांबला. डोळे भरले, ओठ दाबले गेले, आणि ती माझ्याकडे न पाहता दाराकडे पाहत राहिली. मी कौतुकानं म्हणाले, "रडत नाही हो ही." डॉक्टरांनी सिरिंज ठेवली आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"ताई, हे कौतुकाचं नाही. नऊ महिन्यांच्या लेकराला टोचलं तर त्यानं दवाखाना डोक्यावर घ्यायला पाहिजे. आणि आईला घट्ट धरायला पाहिजे. रडून कुणी येत नाही हे तिला कळलंय, म्हणून ती रडत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही अक्षरशः पाळलं. पहिले काही आठवडे पाजणं, भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त आम्ही दोघांनी करायचं. इतरांनी खेळवावं, हसवावं, पण उचलू नये. बाटली कधीही टेकवायची नाही. ती मागं वाकली तर ओढायचं नाही, थोडं थांबून पुन्हा तसंच घ्यायचं. रात्री डोळे उघडे दिसले की ती रडत नसली तरी उचलायचं. "तिनं मागितलं नाही तरी द्या. मागता येतं हे तिला शिकू द्या. हाताची सवय लागेल असं कुणी म्हटलं तर माझं नाव सांगा."

हे ऐकायला सोपं होतं. परभणीच्या वाड्यात, घरात लेकरू आलंय म्हटल्यावर, कुणी उचलायचं नाही असं सांगायचं कसं? टोपडी, झबली, नारळ घेऊन रोज बायका यायच्या. कुणी पाच-पाच मैलांवरनं आलेल्या. हात पुढे करायच्या, आणि मी बाळाला छातीशी धरून मागं सरायचे. "आमच्या हाताला काय काटे हायत का?" एक नात्यातल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा राग मला कळत होता. आपल्याकडे लेकरू सगळ्यांचं असतं, चार अंगांखांद्यांवर वाढतं, आणि ती चांगलीच रीत आहे. पण ज्या लेकराला अजून एकही अंग आपलं झालेलं नाही, त्याला आधी एक तरी लागतं. हे मी त्यांना तेव्हा नीट सांगू शकले नाही, रडूच फुटलं. पुढं आत्याबाईंनी दार धरलं. येईल तिला चहा, साखर, आणि "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं एक वाक्य. एकीनं बाळाची जात विचारली. आत्याबाई म्हणाल्या, "हळू बोल, लेकरू झोपलंय." आणि तिचा कप उचलून आत घेऊन गेल्या.

ह्यांचं वेगळंच होतं. शिशुगृहात सगळ्या बायका, त्यामुळे पुरुषाचा जाड आवाज आणि मिशी यांना ती दचकायची. हे बोलले की ती दगड व्हायची. ह्यांनी कुणाला काही न सांगता एक उपाय काढला. दुकान बंद करून आले की बैठकीत तिच्याकडे पाठ करून खाली बसायचे आणि पितळी डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवायचे. बोलायचं नाही, बघायचं नाही. झाकण फिरून फिरून खणखणत पडायचं, पुन्हा फिरवायचं. रोज अर्धा तास. मला बाजूनं त्यांचा चेहरा दिसायचा. नवव्या दिवशी ती रांगत गेली, झाकणाकडे नाही, त्यांच्याकडे, आणि त्यांच्या पाठीला धरून उभी राहिली. ते हलले नाहीत. झाकण फिरवत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात उचलला तर ती पडेल म्हणून पुसलंही नाही.

भाषेचं मी आधीच ठरवलं होतं. माउसीकडून काही शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतले होते. खाइबू, म्हणजे खाशील का. सोइबू, म्हणजे झोपशील का. चंद्राला जन्हमामू. खिचडीला ती खेचुडी म्हणायची. नऊ महिने या आवाजांत वाढलेल्या लेकराला एका रात्रीत "जेवायचं का गं" कसं पुरणार? मी दोन्ही म्हणायला लागले. "खाइबू? खायचं का?" मुगाची मऊ खिचडी समोर आणली की "खेचुडी" म्हणायचे आणि ती तोंड उघडायची. तोंड उघडलं की मिटायची नाही, हीही एक काळजी होती. पोट भरलं हे तिला सांगता येत नव्हतं, चमचा येईल तोवर ती खायची. मग मीच मोजून थांबायचे, आणि वाटी तिला दिसेल अशी ओट्यावर ठेवायचे.

माउसी तिला "मो सुना" म्हणायची. मी तशी हाक मारली की आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडायची. "सुनं सुनं काय म्हणतीस भरल्या घरात?" मी सांगितलं, आत्याबाई, ओडियात सुना म्हणजे सोनं. मो सुना, माझं सोनं. त्या गप्प झाल्या. संध्याकाळी तिला अंगणात तुळशीपाशी घेऊन मी चांदोबा दाखवत होते तर मागून आवाज आला, "त्यो बघ जन्हमामू, माझ्या सोन्या." त्यांनी तिला उचललं नाही. फक्त बोट दाखवलं.

सकाळी नऊला ऊन चढलं की गच्चीत मी तिला पायांवर घेऊन कोमट खोबरेल चोळायचे. पहिले दहा दिवस तिचं अंग लाकडासारखं ताठ असायचं. सहन करतेय असं. अकराव्या-बाराव्या दिवशी तिनं एक पाय सैल सोडला. फक्त एक. मला तो क्षण आठवतो, कारण मला वाटलं पाय दुखावला की काय. नंतर कळलं, तो सैल झाला होता.

आणि मग २८ डिसेंबरची रात्र. दोन वाजून गेले असतील. ओळीत सगळे झोपलेले. मी पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरात गेले होते. तांब्या हातात होता आणि बैठकीतून आवाज आला. आधी मला मांजर वाटलं. मग आवाज वाढला, फाटला, घर भरून गेला. ती रडत होती. बसून, दोन्ही हात माझ्या रिकाम्या गादीवर आपटत, तोंड लालबुंद करून, श्वास अडकेपर्यंत. अठरा दिवसांत पहिल्यांदा. मामा दचकून उठले, आत्याबाईंनी हात पुढे केला आणि तसाच मागं घेतला. मी पोचले, खाली बसले, तिनं माझ्या साडीचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि नाक, डोळे, सगळं माझ्या गळ्यात पुसत ती हळूहळू थांबली. मान हलवली नाही. हुंदका देत देत, माझा पदर धरून झोपली.

आम्ही चौघं कुणीच काही बोललो नाही. ह्यांनी उठून सगळ्यांना चहा केला. रात्री अडीच वाजता.

त्यानंतर ती रोजच रडायला लागली. भूक लागली की, झोप आली की, मी दुसऱ्या खोलीत गेले की. अनोळखी बाईनं हात पुढे केला की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. "आता बिघडलं बरं का लेकरू, आधी किती गुणी होतं," म्हणणाऱ्याही भेटल्या. मांडीवर बाटली घेताना अजून मागं वाकायची कधी कधी, पण मग स्वतःच माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा पिता पिता थांबून तिनं बोट माझ्या दातांना लावलं.

रजेचं मात्र मन दुखवणारं झालं. मी खासगी शाळेत शिकवते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवड्यांची रजा मिळाली, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच, असं त्यात होतं. सापडलेलं किंवा सोपवलेलं बाळ दत्तकासाठी कायद्यानं मोकळं व्हायलाच दोन-दोन महिने जातात, मग आई-बाप ठरायचे. तीन महिन्यांच्या आत ते घरी पोचणार कधी? मला महिनाभराची बिनपगारी रजा मिळाली. ज्या दिवसांत लेकराला माझ्या अंगाची सर्वांत जास्त गरज होती ते दिवस मी बोटांवर मोजत काढले. पोटातून आलेल्या लेकराची आई तरी नऊ महिने त्याच्याजवळ असते. आमच्या लेकरांना ते नऊ महिने बाहेर येऊन मिळवावे लागतात.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. रजा संपायला दोन दिवस होते. शेतावरून हुरड्याची कणसं आली होती, खाली आत्याबाई तिला समोर बसवून एक कणीस दाखवत होत्या. मी दुपटी वाळली का पाहायला गच्चीवर गेले. दोरीवरून तिसरं दुपटं काढलं असेल, तेवढ्यात खालून तो फाटलेला, घर डोक्यावर घेणारा आवाज आला, आणि त्याच्यावर आत्याबाईंची हाक.

"अगं ये की खाली लवकर! तुझं लेकरू रडायलंय!"

दुपटी तिथंच टाकून मी जिन्याकडे पळाले.